परदेशातली वृद्धसेवा आणि आपली मुलं, आपले ज्येष्ठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. वृद्धसेवेच्या कामासाठी जपानला जाऊ पाहणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि अलीकडे ज्येष्ठ नागरिक संघांमधली मंडळीही मला तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. जर्मनी, इस्राएल आणि ब्रिटनबद्दलही बरीच विचारणा होते, म्हणून तेवढी माहिती जोडली आहे. ज्याला आपल्या प्रश्नाचं उत्तर हवं त्याने तेवढंच वाचलं तरी चालेल. जिथे दुसरं उत्तर पाहणं गरजेचं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. वृद्धसेवेसाठी देशादेशांत करार कशाला? नोकरी ही कंपनी आणि कामगार यांच्यातली गोष्ट ना?

साध्या नोकरीत तसंच असतं. पण इथे काम आहे अंथरुणाला खिळलेल्या, विसरभोळ्या झालेल्या, कधी बोलूही न शकणाऱ्या माणसाला सांभाळण्याचं. ते करायला परक्या देशातून, परकी भाषा बोलणारा माणूस येणार. त्याला किती भाषा यायला हवी, प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा, त्याची फसवणूक झाली तर दाद कुठे मागायची, त्याची पदवी तिकडे चालेल का, हे एकट्या कंपनीवर सोडलं की कामगार आणि म्हातारं माणूस दोघांचेही हाल होतात. म्हणून सरकारं आपसात नियम ठरवतात.

शिवाय ही देवाणघेवाण फक्त माणसं पाठवण्यापुरती नसते. संशोधन, प्रशिक्षणाच्या पद्धती, गावपातळीवरचे प्रयोग हेही भागीदारीतून येतं. त्याबद्दल प्रश्न १५ आणि १६ पाहा. माझ्या मते तो भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक विचारतात.

२. जपान आणि जर्मनीला एवढी माणसं का लागतात?

जपानमध्ये ६५ वर्षांवरील लोकांचं प्रमाण २९ टक्क्यांच्या वर गेलं आहे. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या २०२४ मधल्या अंदाजानुसार २०४० पर्यंत वृद्धसेवेत २७ लाख २० हजार माणसं लागतील. २०२२ मध्ये ती साधारण २१ लाख ५० हजार होती. म्हणजे सुमारे ५ लाख ७० हजारांची भर घालायची आहे, आणि तीही तरुणांची संख्या दरवर्षी घटत असताना.

जर्मनीत २०२३ च्या अखेरीस ५७ लाख लोक कायद्याने ‘देखभालीची गरज असलेले’ म्हणून नोंदलेले होते. त्यातले सुमारे ८६ टक्के आपल्या घरीच राहतात. परदेशात सगळे म्हातारे वृद्धाश्रमात टाकतात असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते तिथल्या आकड्यांशी जुळत नाही.

३. भारताचे कोणाकोणाशी करार आहेत? महाराष्ट्राचा स्वतःचा काही आहे का?

जपानशी दोन आहेत. २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेसाठी, आणि जानेवारी २०२१ मध्ये ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ योजनेसाठी, जिला जपानीत तोकुतेई गिनो म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तोक्योत दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांची देवाणघेवाण करायचं ठरवलं. त्यात भारतातून जपानला जाणारे ५० हजार कुशल लोक धरले आहेत. हा आकडा सगळ्या क्षेत्रांचा मिळून आहे, फक्त वृद्धसेवेचा नव्हे. जाहिरातवाले तो ‘जपानला ५० हजार केअरगिव्हर हवेत’ असा फिरवतात.

जर्मनीशी स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारीचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला. नर्सेससाठी ‘ट्रिपल विन’ नावाची सरकारी योजना आहे. तिच्यात केरळ सरकारची नोर्का रूट्स ही संस्था डिसेंबर २०२१ पासून सहभागी आहे.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीचं लक्ष्य १० हजार तरुणांचं जाहीर झालं होतं आणि त्यात नर्सिंगसोबत इलेक्ट्रिशियन, चालक असे कितीतरी व्यवसाय होते. करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. त्या बातमीचं कात्रण दाखवून कोणी पैसे मागत असेल तर आधी प्रश्न ८ वाचा.

४. जपानमध्ये ‘काइगो’, म्हणजे वृद्धसेवा, यात रोज नेमकं काय करायचं?

उठवणं, बसवणं, कपडे घालणं, भरवणं, अंघोळ घालणं, शौचाला नेणं, रात्री कूस बदलणं, आणि या प्रत्येकाची नोंद ठेवणं. एवढं ऐकून पालक नाराज होतात. म्हणून मी वर्गात एकच क्रिया सावकाश करून दाखवते.

समजा एका आजीला अर्धांगवायू झाला आहे, डावी बाजू लुळी आहे. तिला सदरा घालायचा. नियम असा की घालताना आधी लुळ्या हाताची बाही, काढताना आधी चांगल्या हाताची. उलटं केलं तर लुळा हात पिळवटतो आणि खांदा निखळू शकतो. हात लावण्याआधी समोर येऊन, तिच्या नजरेच्या पातळीवर वाकून, काय करणार ते सांगायचं आणि तिच्या होकाराची वाट पाहायची. मग चांगल्या हाताने ती स्वतः जेवढी बटणं लावू शकते तेवढी तिला लावू द्यायची, मग पाच मिनिटं लागोत. कामाची घाई आहे म्हणून सगळी बटणं तुम्हीच लावलीत तर तिथे ती चूक धरतात, कारण जे अंग वापरलं नाही ते महिन्याभरात आखडतं. खुर्चीत बसवायचं तर चाकाची खुर्ची तिच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पायपट्ट्या उचलायच्या, मग तिला पुढे झुकवून उठवायचं. कौशल्य परीक्षेत हेच विचारतात.

पाळी बदलताना तोंडी निरोप द्यावा लागतो: कोण किती जेवलं, कोणाला पाणी गिळताना ठसका लागला, कोणाच्या कमरेवर लाली दिसते. तो निरोप जपानीत देता येत नसेल तर बाकीचं काम कितीही चांगलं येत असलं तरी तुमच्यावर रात्रपाळी सोपवणार नाहीत. आणि रात्रपाळी बऱ्याच ठिकाणी १६ तासांची असते, हे निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

५. आमची मुलगी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाली आहे. तिकडे जाऊन तिने डायपर बदलायचे का?

या प्रश्नामागचं दुःख मला कळतं, आणि प्रश्न रास्त आहे. जपानमध्ये वृद्धसेवा आणि नर्सिंग हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. काइगोच्या व्हिसावर गेलेली जीएनएम किंवा बीएस्सी झालेली मुलगी तिथे नर्स नसते. तिला इंजेक्शन देता येत नाही. घशातला कफ यंत्राने ओढायचा तरी वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. नर्स म्हणून काम करायचं तर जपानची राष्ट्रीय नर्सिंग परीक्षा जपानीतून द्यावी लागते आणि तिला बसण्यासाठी एन-१, म्हणजे सर्वात वरची भाषा परीक्षा पास असावी लागते. चार-पाच वर्षं इंजेक्शनला हात न लावता गेली तर इथे परतल्यावर रुग्णालयातल्या कामासाठी पुन्हा सराव करावा लागतो, हेही आहेच.

जर्मनीत चित्र वेगळं आहे. तिथे २०२० पासून वृद्धसेवा, रुग्णालयातली आणि मुलांची शुश्रूषा यांचं शिक्षण एकत्र करून एकच व्यवसाय केला आहे. जीएनएम किंवा बीएस्सीला मान्यता मिळवता येते. त्यासाठी तिथे ज्ञानपरीक्षा द्यावी लागते किंवा जुळवणीचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि जर्मन बी-२ पर्यंत (युरोपीय भाषापातळ्यांतल्या सहापैकी चौथी पायरी) आणावं लागतं. मान्यता मिळाली की पूर्ण नर्स. म्हणून जिच्याकडे नर्सिंगची पदवी आहे आणि जिला नर्सच राहायचं आहे, तिला मी स्वतः जपानी शिकवत असूनही जर्मनीचा विचार कर असं सांगते.

डायपरबद्दल एवढंच: ज्या देशात त्या कामाची राष्ट्रीय परीक्षा असते तिथे ते काम खालचं मानलं जात नाही. आपल्याकडे ते खालचं मानतात, त्याचे भोग आपले म्हातारे भोगतात.

६. फक्त बारावी झाली आहे, नर्सिंग नाही. जाता येईल का?

जपानला हो. विशिष्ट कौशल्य योजनेत वय १८ पूर्ण हवं, ठरावीक शिक्षणाची अट जपान घालत नाही, मात्र काही प्रशिक्षण संस्था आपली अट लावतात. परीक्षा तीन आहेत. एक सर्वसाधारण जपानीची: एन-४ (जपानी भाषा परीक्षेची खालून दुसरी पायरी) किंवा तिच्याऐवजी चालणारी जेएफटी-बेसिक. दुसरी वृद्धसेवेच्या जपानीची, १५ प्रश्न, ३० मिनिटं. तिसरी कौशल्याची, ४५ प्रश्न, ६० मिनिटं. ही इंग्रजीतून देता येते. तिन्ही भारतातच होतात.

जर्मनीला बारावीनंतर तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगमधून जाता येतं, म्हणजे शिकत शिकत काम आणि विद्यावेतन. सार्वजनिक क्षेत्राच्या वेतनकरारात पहिल्या वर्षी १,४०० युरोंहून थोडे अधिक मिळतात, कपातीआधी. त्यासाठी जर्मन साधारण बी-१ लागतं. एएनएम झालेल्यांनीही हाच रस्ता धरावा, कारण दोन वर्षांच्या एएनएमवर पूर्ण नर्सची मान्यता मिळत नाही.

७. एन-४ ला किती दिवस लागतात? दोन महिन्यांत होतं असं क्लासवाले सांगतात.

रोज चार-पाच तास मन लावून बसलं तर सहा महिने धरा. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून वर्ष. दोन महिन्यांत प्रश्नपत्रिका पाठ करून पास झालेलीही मुलं असतात, पण तिथे जाऊन पहिल्याच आठवड्यात आजोबा त्यांच्या गावच्या बोलीत ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणतात तेव्हा पाठांतर कामाला येत नाही. मराठी मुलांना एक सोय आहे: जपानी वाक्यातही क्रियापद शेवटी येतं, आणि नामाला विभक्तीसारखे प्रत्यय लागतात. त्यामुळे आपली मुलं बोलायला लवकर लागतात. अडतं ते कांजीत, म्हणजे जपानीतल्या चित्रलिपीच्या अक्षरांत. नोंदवही वाचायची तर ‘जोकुसो’ म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, ‘गोएन’ म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाणं, असे शब्द लिहिलेले ओळखता यायला हवेत. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, चांगले शिक्षक आहेत. गावाकडच्या मुलांनी ऑनलाइन सुरुवात करावी आणि निदान शेवटचे तीन महिने माणसासमोर बसून बोलण्याचा सराव करावा.

८. एजंट तीन लाख मागतो. द्यावेत का?

नाही. भारताच्या उत्प्रवासन नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. भाषेच्या वर्गाची फी वेगळी असू शकते. ती देताना फक्त शिकवण्याची फी म्हणून पावती घ्या, ‘पॅकेज’ म्हणून नाही. भरतीचा पैसा शिकवणीच्या नावाखाली उकळणं ही नेहमीची युक्ती आहे.

जपानच्या नियमात उमेदवाराकडून अनामत घेणं निषिद्ध आहे. जर्मनीच्या ट्रिपल विनमध्ये खर्च नोकरी देणारा उचलतो, आणि तिथे प्रामाणिक भरती करणाऱ्या संस्थांना सरकारी गुणचिन्ह मिळतं. ते आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका. एका विद्यार्थिनीच्या दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका एका एजंटाने आठ महिने अडकवून ठेवल्या. तेवढ्या काळात तिची नर्सिंग प्रवेशाची एक फेरी गेली.

९. हातात किती पडतात?

जपानमध्ये सुरुवातीला भत्ते धरून दरमहा दोन लाख येनच्या आसपास, ठिकाणानुसार कमीजास्त. त्याच कामाच्या जपानी माणसापेक्षा कमी पगार देणं या योजनेत नियमबाह्य आहे. त्यातून आरोग्य विमा, निवृत्तिवेतन, रोजगार विमा आणि प्राप्तिकर कापला जातो, वर घरभाडं. दुसऱ्या वर्षापासून रहिवासी कर सुरू होतो, कारण तो मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये पगार घटल्यावर मुलं घाबरून फोन करतात. ती फसवणूक नाही, हा कर आहे.

निवृत्तिवेतनात भरलेल्या रकमेचा काही भाग देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून परत मिळतो. पण तो घेतला की तेवढी वर्षं तिथल्या निवृत्तिवेतनात धरली जात नाहीत. पुन्हा जपानला जायचा विचार असेल तर घाई करू नका.

जर्मनीत वृद्धसेवेतल्या मान्यताप्राप्त नर्ससाठी १ जुलै २०२५ ला किमान वेतन ताशी २० युरो ५० सेंट झालं.

१०. ‘प्रशिक्षणार्थी’ योजना की ‘विशिष्ट कौशल्य’? एजंट म्हणतो दोन्ही सारखंच.

सारखं नाही. प्रशिक्षणार्थीला नोकरी बदलता येत नाही. मालक वाईट निघाला तर अडकायला होतं. विशिष्ट कौशल्य कामगाराला वृद्धसेवेतच दुसऱ्या संस्थेत जाता येतं. प्रशिक्षणार्थी योजनेवर जपानमध्येच इतकी टीका झाली की २०२४ मध्ये कायदा करून ती बंद करायचं ठरलं, आणि एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी ‘इकुसेई शुरो’ ही नवी योजना येते आहे, जिच्यात अटींसह नोकरी बदलता येईल. ज्याच्याकडे परीक्षा पास व्हायची तयारी आहे त्याने थेट विशिष्ट कौशल्याचाच रस्ता घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

११. लग्न झालं आहे. नवऱ्याला, मुलांना नेता येईल? आणि पाच वर्षांनंतर काय?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका परीक्षेत आहे. विशिष्ट कौशल्याच्या पहिल्या टप्प्यावर एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. इतर काही क्षेत्रांत दुसरा टप्पा असतो, वृद्धसेवेत तो नाही. त्याऐवजी तीन वर्षं काम आणि ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण करून ‘काइगो फुकुशिशी’, म्हणजे प्रमाणित वृद्धसेवक, ही राष्ट्रीय परीक्षा द्यायची. ती दर जानेवारीत होते, १२५ प्रश्न, सगळं जपानीत. पास झालात की ‘काइगो’ नावाचा वेगळा निवास परवाना मिळतो. त्याचं नूतनीकरण कितीही वेळा होतं आणि नवरा-मुलंही येऊ शकतात. २०२६ पासून ही परीक्षा तीन भागांत सोडवण्याची सोय झाली आहे: जो भाग पास झाला तो पुढच्या वर्षी पुन्हा द्यावा लागत नाही. काम करता करता अभ्यास करणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा आहे.

लहान मूल असलेल्या आईने तीन-चार वर्षांचा विरह गृहीत धरूनच निर्णय घ्यावा. ‘तिकडे गेल्यावर बघू’ असं यात काही नसतं.

१२. करारात ‘दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास पाच लाख दंड’ असं लिहिलं आहे. सही करू का?

करू नका. जपानच्या श्रम मानक कायद्याचं कलम १६ नोकरी सोडल्याबद्दल आधीच दंड ठरवून ठेवण्यास मनाई करतं. असा दंड इथल्या एजंटाच्या वेगळ्या कागदावर, मराठी किंवा हिंदीत लिहून घेतला जातो आणि जपानी मालकाला त्याची कल्पनाही नसते. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा आणि मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे तक्रार करा.

१३. ब्रिटनचा केअर व्हिसा आणि इस्राएलची भरती, यांचं काय?

ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने केअर वर्कर आणणं बंद केलं आहे. त्याआधी, ११ मार्च २०२४ पासून, या व्हिसावर कुटुंब नेणंही थांबवलं होतं. आज कोणी ‘यूके केअर व्हिसा’ विकत असेल तर तो खोटं बोलतो आहे.

इस्राएलची भरती सरकारी मार्गाने राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाकडून झाली. २०२४ मध्ये केअरगिव्हरच्या पाच हजार जागा जाहीर झाल्या तेव्हा किमान दहावी, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि ९९० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण अशी अट होती. तिथलं काम बहुतेक वेळा एका वृद्धाच्या घरात राहून करायचं असतं. सोबत सहकारी नसतात, सुटी कमी मिळते आणि युद्धाचा धोका खरा आहे. घरच्यांनी एकत्र बसून ठरवायची ही गोष्ट आहे. एक वेगळी बाब मात्र आहे: दिमोना, रामला, अश्दोद अशा गावांत कोकणातून गेलेल्या बेने इस्राएली (ज्यू) कुटुंबांतली वयस्कर मंडळी अजून मराठी बोलतात. अशा घरी काम मिळालेल्या मराठी मुलीला हिब्रू शिकायला थोडी उसंत मिळते.

१४. आपली मुलं तिकडे गेली, मग इथल्या म्हाताऱ्यांकडे कोण बघणार?

हा प्रश्न मला मुलांनी कधी विचारला नाही, आजीआजोबांनी विचारला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. ज्या देशांत आरोग्य कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई आहे तिथून श्रीमंत देशांनी मोहिमा काढून माणसं उचलू नयेत असं तिचं म्हणणं आहे. अशा ५५ देशांची यादी २०२३ मध्ये निघाली. त्यात पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आहेत, भारत नाही. म्हणून भारतातून भरती करायला आडकाठी नाही. पण यादी देशाची आहे, तालुक्याची नाही. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये नर्स मिळत नाही हे त्या यादीत दिसत नाही.

भारतात २०२२ मध्ये साठीपुढचे १४ कोटी ९० लाख लोक होते, लोकसंख्येच्या १०.५ टक्के. २०५० मध्ये ते ३४ कोटी ७० लाख, म्हणजे २०.८ टक्के होतील असा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा अंदाज आहे. आज वीस वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा पंचेचाळिशीचा असेल आणि त्याचे आईवडील सत्तरीपलीकडे. मुलांना जायला बंदी घालणं अन्यायाचं होईल, त्यांना इथे तेवढा पगार आणि मान कोणी देत नाही. पण प्रत्येक करारात एक अट महाराष्ट्राने घालायलाच हवी: जेवढे तिकडे जाणार त्यांच्या जोडीने ठरावीक संख्येने इथल्या वृद्धसेवेसाठी माणसं त्याच खर्चात, त्याच प्रशिक्षकांकडून तयार व्हावीत. अशी मागणी करायला आपण लाजू नये.

१५. अशा भागीदारीतून आपल्या ज्येष्ठांच्या पदरात आजवर काही पडलं आहे का?

पडलं आहे, आणि तेही घराजवळ.

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाबरोबर ‘लासी’ हा अभ्यास सुरू केला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. नुसते प्रश्न नाही. रक्तदाब, स्मरणशक्ती, हाताच्या पकडीची ताकदसुद्धा मोजली. कोणत्या राज्यात किती ज्येष्ठांना रोजची कामं स्वतः करता येत नाहीत, हे आज आपण अंदाजाने नव्हे, मोजून सांगू शकतो ते यामुळे.

दुसरं उदाहरण गोव्याचं, आणि ते मला सर्वात प्रिय आहे. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाबरोबर साठीपुढच्या १८१ लोकांवर एक चाचणी केली. हे सगळे प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारे, मन खचलेले पण अजून नैराश्याच्या आजारापर्यंत न गेलेले. डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ न आणता गावातल्याच सर्वसाधारण माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. ते ज्येष्ठाबरोबर बसून त्याची एक अडचण निवडायचे, तिचे उपाय सुचवायला त्यालाच सांगायचे, झोपेची घडी बसवायला मदत करायचे, मधुमेहाची काळजी समजावायचे, सरकारी योजनेचा अर्ज भरून द्यायचे. वर्षभरानंतर ज्यांना ही मदत मिळाली त्या ९१ पैकी चौघांना नैराश्याचा आजार झाला. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्या ९० पैकी तेरा जणांना. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००८ मध्ये, गोव्यातच स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्या माणसांना घरी जाऊन आधार देण्याचाही असा प्रयोग झाला होता, आणि त्यात सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाल्याचं दिसलं.

१६. जपानकडून आपण काय घ्यावं? यंत्रमानव?

यंत्रमानवाची चित्रं वर्तमानपत्रात छान दिसतात. घ्यायच्या गोष्टी साध्या आहेत. एप्रिल २००० पासून जपानमध्ये देखभाल विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो, विमा चालवते ती नगरपालिका. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. गरजेनुसार सात पायऱ्या ठरतात आणि ज्येष्ठाने सहसा खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा, उत्पन्न जास्त असेल तर दोन किंवा तीन हिस्से. असा विमा इथे उद्या येणार नाही.

पण २००६ पासून तिथे वस्तीवस्तीत आधार केंद्रं आहेत, साधारण एका माध्यमिक शाळेच्या परिसराला एक, जिथे नर्स, समाजसेवक आणि देखभाल नियोजक एकाच टेबलाशी बसतात. ‘आई घर सोडून निघून जाते, काय करू’ एवढं सांगितलं की पुढचं ते बघतात. हे आपल्या प्रभाग कार्यालयात करता येईल. २००५ पासून स्मृतिभ्रंशाबद्दल सर्वसामान्यांना दीड तासाचा वर्ग घेतात. दुकानदार, बसचालक, शाळकरी मुलं असे दीड कोटीहून अधिक लोक त्यातून गेले आहेत. इंग्लंडने हीच कल्पना उचलून आपल्याकडे राबवली. त्याला इमारत लागत नाही, निधीही फारसा लागत नाही.

१७. शाकाहारी आहे, जमेल का? मुलग्यांना घेतात का? वय पस्तीस आहे.

शाकाहार जमतो, पण स्वयंपाक स्वतः करावा लागतो; जपानी सारात माशाचा अर्क असतो. मुलग्यांना चांगली मागणी आहे, उचलण्याच्या कामामुळे आणि पुरुष रहिवाशांना पुरुष मदतनीस हवे असल्यामुळे. वयाची कायदेशीर वरची मर्यादा नाही, मात्र संस्था तिशीच्या आतले पसंत करतात. पस्तिशीत नाव घालताना पाठीचं जुनं दुखणं लपवू नका.

१८. पाच वर्षांनी परत आलो तर इथे त्या अनुभवाला काय किंमत?

आज तरी कागदावर फार नाही. काइगोचा अनुभव इथल्या नर्सिंग परिषदेत धरला जात नाही. घरपोच शुश्रूषा देणाऱ्या कंपन्या आणि नवे ज्येष्ठ निवास अशा माणसांना प्रशिक्षक म्हणून घेतात, कारण प्रश्न ४ मधल्या आजीला सदरा कसा घालायचा हे शिकवू शकणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत. जपानी एन-२ पर्यंत नेलंत तर भाषेवरही नोकरी मिळते. म्हणून तिथे असताना दरवर्षी एक पायरी वर चढा आणि प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागून घ्या.

१९. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. आम्ही या सगळ्यात काय करू शकतो?

तीन गोष्टी लगेच करता येतील. जपानहून किंवा जर्मनीहून सुटीवर आलेला एखादा काइगो करणारा किंवा नर्स तुमच्या गावात असेल तर त्याला सभेत बोलवा आणि पलंगावरून उठवणं, भरवणं, कूस बदलणं हे करून दाखवायला सांगा. सुनांना आणि मुलांनाही बसवा. दुसरं, प्रभाग समितीच्या बैठकीत प्रश्न १६ मधल्या आधार केंद्राची लेखी मागणी करा. फेस्कॉमशी, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी, संलग्न संघ असाल तर तीच मागणी जिल्हाभर जाईल. तिसरं, १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक सभासदाच्या दूरध्वनीशेजारी लावा. तो टोल-फ्री आहे, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची देशात दुसरीकडे राहणारी मुलंही त्यावर बोलून मार्गदर्शन घेऊ शकतात.